सिंह मागितला, पंखा मिळाला

आधीच सांगून टाकते, मला सिंह व्हायचं होतं, चिनी सिंहनाचातला, दोन माणसं मिळून करतात तो. तेही पुढचं अंग, म्हणजे डोकं. मागच्या अंगाला वीस मिनिटं कमरेत वाकून पुढच्याच्या कंबरपट्ट्याकडे बघत राहावं लागतं, आणि तसलं काम मी ऑफिसात भरपूर करते.

मी फोशानला राहते. दक्षिण चीनमधल्या क्वांगतोंग प्रांतातलं हे शहर टाइल्ससाठी प्रसिद्ध आहे आणि माझं पोटही टाइल्सवरच चालतं. ठाण्याच्या एका आयातदारासाठी इथे माल तपासते. रंगछटा जुळते का, कोपरे उडालेत का, पेटीत नग पुरे भरतात का, असलं काम. 2023 च्या मे महिन्यात आले तेव्हा शहराची माहिती एवढीच होती. नावाचा अर्थ नंतर कळला. फो म्हणजे बुद्ध, शान म्हणजे डोंगर. 628 साली इथल्या एका टेकाडावर बुद्धाच्या तीन धातूच्या मूर्ती जमिनीतून निघाल्या, तेव्हापासून गावाचं जुनं नाव मागे पडून ‘बुद्धाचा डोंगर’ झालं. रोज दहादा पत्त्यात हे नाव लिहीत होते आणि त्यात बुद्ध आहे हे वर्षभर डोक्यात आलं नाही.

माझ्या खोलीच्या मागे एका जुन्या घराण्याचं पूर्वजांचं देऊळ आहे. त्याच्या फरसबंद अंगणात रोज साडेसातला ढोल सुरू व्हायचा. पहिले दोन महिने मी त्या ढोलाला फक्त शिव्या घातल्या. मग एकदा कचरा टाकायला खाली उतरले ती तशीच पिशवी हातात घेऊन आत डोकावले. बाकावर सिंहाचं डोकं नुसतंच ठेवलेलं होतं. लाल लोकर, पांढऱ्या फरची किनार, कपाळावर गोल आरसा. एका पोराने गंमत म्हणून आत हात घातला, दोरी ओढली आणि त्या डोक्याने माझ्याकडे बघून हळूच पापणी मिटली. झालं. कचऱ्याची पिशवी तिथेच विसरले.

या नाचाला कँटनी बोलीत ‘सिंग-सी’ म्हणतात, जागा झालेला सिंह. शिकवणारे ते सिफू. आमचे सिफू साठीचे, बारीक, एकेकाळी लोहारकाम करणारे. ते फक्त कँटनी बोलतात. मला येते ती मोडकी मँडरिन. मधले दुभाषे म्हणजे झांजा वाजवणारे एक निवृत्त शिक्षक. त्यांना मी मनातल्या मनात ‘मास्तर’ म्हणते, तोंडावर ‘लाओशी’. अर्थ तोच.

सिफूंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, ‘मा-पो’ करून दाखव. म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं, मांड्या जमिनीला समांतर, पाठ ताठ. पोरं त्या बैठकीत मोबाइल बघत बसतात. मी चाळीस सेकंदांत फरशीवर बसले. त्रेचाळीस वर्षांचे गुडघे, त्यात गोदामातल्या सिमेंटवर दिवसभर उभं राहणं. सिफूंनी माझ्याकडे पाहिलं, मास्तरांना काहीतरी म्हणाले, भिंतीवरचा एक पंखा काढला आणि माझ्या हातात दिला. ताडाच्या पानाचा साधा पंखा. आपल्याकडे आजी उकाड्यात घेऊन बसायची त्याची सख्खी बहीण. इथल्या बाजूला सिनह्वेइ नावाचं गाव या पंख्यांसाठी नावाजलेलं आहे.

‘दाई-ताऊ-फात,’ मास्तर म्हणाले. मोठ्या डोक्याचा बुद्ध.

मला तो कोण ते माहीत होतं. सिंहापुढे भलामोठा गुलाबी मुखवटा घालून उड्या मारतो, मुलांच्या डोक्यावर पंखा आपटतो, तो. सर्कशीतला विदूषक म्हणा ना. मी सिंह मागायला गेले होते आणि मला जोकर देऊन वाटेला लावलं होतं. घरी येऊन नवऱ्याला फोन केला. तो नाशिकहून म्हणाला, ‘मुखवटा आहे ना? मग कोण ओळखणार आहे तुला?’ त्याला वाटलं, मला लाज वाटते आहे.

तरी दुसऱ्या दिवशी गेले. पंखा परत द्यायला गेले होते, खरं सांगायचं तर. मास्तर झांजा पुसत बसले होते. त्यांना विचारलं, सिंहाच्या पुढे हा बुद्ध कशाला लागतो? त्यांनी मलाच उलट विचारलं, ‘चीनमध्ये सिंह कधी होते का?’

नव्हते. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. वाघ होते, सिंह नव्हते. सिंह आला तो पश्चिमेकडून, राजांना भेट म्हणून आणि बुद्धासोबत. बुद्धाला शाक्यसिंह म्हणतात, त्याचा उपदेश म्हणजे सिंहनाद, मंजुश्री या बोधिसत्त्वाचं वाहन सिंह. मास्तरांनी सांगितलं की सहाव्या शतकातल्या लोयांग शहराचं एक जुनं वर्णन आहे. चौथ्या महिन्याच्या चौथ्या दिवशी तिथल्या एका विहारातून सहा सुळ्यांच्या पांढऱ्या हत्तीवरची बुद्धमूर्ती मिरवणुकीने निघायची आणि पुढे सिंह चालायचे. अर्थात माणसांनी घेतलेली सोंगं. म्हणजे तेव्हा बुद्धाच्या पुढे सिंह होता, आता सिंहाच्या पुढे बुद्ध. कधी उलटलं हे मी विचारलं. मास्तरांनी झांजेवर एक बोट वाजवलं आणि गोष्ट सांगायला घेतली.

एक सिंह गावोगाव माणसांना छळत होता. शस्त्राने आवरेना. तेव्हा एक हसरा, मोठ्या डोक्याचा भिक्खू हातात लिंगची, म्हणजे ती अमृतासारखी मानलेली अळंबी, घेऊन त्याच्यापुढे गेला. मारलं नाही, बांधलं नाही. वास दाखवत, खोड्या काढत, पंख्याने कानाला गुदगुल्या करत त्याला विहारापर्यंत नेलं. कोणी म्हणतं तो साधा भिक्खू, कोणी म्हणतं खुद्द मैत्रेय. मैत्रेयाचं चिनी रूप म्हणजे आपल्याकडच्या गिफ्टच्या दुकानात ज्याच्या पोटावरून हात फिरवतात तो लाफिंग बुद्धा. अळंबीच्या जागी आता लेट्यूसची जुडी आली. लेट्यूसला ‘सांग-छोई’ म्हणतात आणि तसाच उच्चार ‘धन येवो’ याचाही होतो. व्यापाऱ्यांच्या गावात अळंबी टिकली नाही, यात मला तरी नवल वाटलं नाही.

पंखा परत द्यायचा राहून गेला.

शिकणं सुरू झालं ते चालण्यापासून. महिनाभर नुसतं चालणं. टाच आधी टेकवायची, पोट पुढे, डुलत, लहान मूल नुकतं चालायला लागल्यावर चालतं तसं. वाचायला सोपं वाटेल. पण दोन पावलांच्या मध्ये वजन कुठे असतं हे मला चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं. मग पंखा. मी तो मनगटातून हलवायची, वारा घेतात तसा. सिफू येऊन माझं मनगट धरून ठेवायचे. खांद्यातून, खांद्यातून. का, ते मुखवटा घातल्यावर समजलं.

मुखवटा कागदाचा. जुना, थरांवर थर चिकटवून केलेला. अलीकडे फायबरचे मिळतात, ते हलके. त्याचे डोळे रंगवलेले आहेत, त्यांना भोकं नाहीत. हसऱ्या तोंडाची फट तीच आपली खिडकी. त्यातून समोरच्या माणसाचे गुडघे दिसतात, जास्तीत जास्त कंबर. डोक्याला टॉवेल गुंडाळून तो घालायचा. आत खळीचा, जुन्या घामाचा आणि कुणीतरी कधीकाळी ओढलेल्या सिगरेटचा वास. स्वतःचा श्वास शेजारी कुणी झोपलंय असा ऐकू येतो. आणि त्यात मी पहिल्या दिवशी काय केलं, तर हसले. सिंहाकडे बघून चांगली खळखळून हसले. बाहेर कुणाला काय त्याचं! मुखवटा आधीपासूनच हसत होता. मी डोळे वळवले तरी बाहेर काहीच हलत नव्हतं. बघायचं तर अख्खं डोकं वळवायचं, लाजायचं तर खांद्यांनी, विचार करायचा तर पोटाने. चेहऱ्याची सगळी कामं बाकीच्या शरीराने वाटून घ्यायची.

माझं आजोळ जव्हारकडचं. तिथे बोहाडा होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात देवादिकांचे मुखवटे निघतात, संबळ-पिपाणी वाजते, प्रत्येक सोंगाची चाल वेगळी. माझा मामा सोंग घ्यायचा तेव्हा त्याचा शेला धरून मागे एक माणूस असायचा. लहानपणी वाटायचं, देव अंगात आलाय, पळून जाईल म्हणून धरलंय. आता त्या फटीतून बघताना लख्ख कळलं, मामाला पुढचं काही दिसत नसणार.

आमच्याकडे शेला धरणारं कोणी नाही. उलट दोन माणसांचा सिंह माझ्या भरवशावर असतो. ढोलवाला सिंहाच्या डोक्याकडे बघून वाजवतो. सिंह माझ्या पंख्याकडे बघतो. आणि मला काहीच दिसत नाही, म्हणून मी ढोल ऐकते. हे वर्तुळ जमायला मला चार महिने लागले. काठीने कडेवर टकटक चालली की सिंह दबकत येतोय. ढोलाचा लांब गडगडाट आला की त्याने मान उचलली. घंटा थांबून एकट्या झांजा किणकिणल्या की तो जागेवर अंग झाडतोय, म्हणजे मला श्वास घ्यायला चार क्षण. मास्तर त्या झांजा कधी कधी मुद्दाम लांबवतात. माझ्यासाठी. असं मी मानते.

फोशानच्या सिंहाला भाव असतात. मास्तरांनी बोटांवर मोजले: आनंद, राग, दुःख, मौज, हालचाल, स्थिरता, दचकणं, संशय, नशा, झोप. दहा. आपल्या नवरसांहून एक जास्त आणि त्यात झोप धरलेली, हे मला फार आवडलं. माझं काम मुख्यतः दोन भावांशी, झोपेशी आणि संशयाशी. सुरुवातीला सिंह झोपलेला असतो. मी चोरपावलांनी जायचं, कानाला पंख्याने गुदगुल्या करायच्या, तो कान झटकतो, मी घाबरून लोळण घ्यायची. पुन्हा जायचं. तिसऱ्यांदा तो जागा होतो. इथे घाई केली की सगळं फसतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या खोडीच्या मध्ये थांबायचं, इतकं थांबायचं की बघणाऱ्याला वाटावं, हा विसरला. सिफू अंगणाच्या टोकाला उभे राहून हात खाली दाबून दाखवायचे: थांब, अजून थांब. मला ते दिसायचं नाही, पण पोरं ‘थांब, थांब’ असं कुजबुजायची.

एक अडचण वेगळीच होती. पथकातल्या एका वयस्क सभासदाला बाईने मुखवट्याला हात लावणं मंजूर नव्हतं. पूर्वी बायकांनी सिंहाच्या डोक्याला शिवायचं नाही असा दंडक होता, त्या चार दिवसांत तर नाहीच. मास्तरांनी हे मला फार चाचरत, शब्द शोधत सांगितलं. मी म्हटलं, लाओशी, शोधू नका, आमच्याकडे याला एका शब्दात ‘विटाळ’ म्हणतात. आता फोशानच्या शाळांमधून मुलींची पथकं आहेत, खांबांवरून उड्या मारणारी. तरी तो गृहस्थ मी मुखवटा घातला की अंगणातून उठून जायचा. मला वाईट वाटायचं नाही असं नाही. सिफूंनी त्याला कधी समजावलं नाही आणि मला कधी थांबवलं नाही. मी मात्र एकदाही ‘ते’ दिवस चालू आहेत की नाहीत हे कुणाला कळू दिलं नाही.

ऑक्टोबरात मुखवट्याचा डावा कान फाटला. मला वाटलं, आता नवा आणणार. सिफूंनी मला एका कारागिराच्या दुकानात नेलं. सिंहाची डोकी करणारा. चार कामं असतात म्हणाला: बांधणं, चिकटवणं, रंगवणं, सजवणं. बांबूच्या कामट्या ओल्या करून वाकवायच्या, कागदी पट्ट्यांनी गाठी मारायच्या. एका डोक्यात गाठी किती ते मी मोजायला लागले आणि शंभराच्या पुढे सोडून दिलं. त्याने माझ्यापुढे खळीची वाटी सरकवली. कागद हाताने फाडायचा, कात्रीने कापायचा नाही. फाटलेली कड चिकटते, कापलेली उचलते. तो कान मी तीन दिवस चिकटवत होते. एक थर, वाळू द्यायचा, पुढचा थर. टाइल्स तपासताना मी एक मिलिमीटर फरकावर कंटेनर अडवते. इथे कान अर्धा बोट पुढे आला आणि कारागीर म्हणाला, चांगलं झालं, आता हा ऐकतोय असं वाटतं.

नवीन सिंह आला की त्याचे डोळे उघडायचा विधी असतो. तो पाहिला आणि मला शब्द शोधावा लागला नाही: प्राणप्रतिष्ठा. पूर्वजांच्या त्याच देवळात, उदबत्त्या लावून, गावातले एक ज्येष्ठ ब्रश घेऊन उभे. वाटीत हिंगूळ कालवलेला. डोळे, कपाळ, नाक, कान, जीभ, एकेका ठिकाणी लाल ठिपका. डोळ्यांवर ठिपका पडताच ढोल फुटला आणि तोवर मेल्यासारखं पडलेलं डोकं थरथरलं. शेवटी शिंगाला लाल फीत बांधली. फितीचीही गोष्ट आहे. स्वर्गातल्या खोडकर सिंहाचं डोकं जेड सम्राटाने उडवलं आणि धड खाली फेकलं. क्वानयीनला दया आली. तिने लाल फितीने डोकं धडाला बांधून त्याला उठवलं. ही क्वानयीन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व; इथे येता येता स्त्री झाला. कान्हेरीच्या 41 व्या लेण्यात त्याची अकरा डोक्यांची मूर्ती आहे, ती मी कॉलेजच्या सहलीत पाहिली होती, आणि तेव्हा आमचं सगळं लक्ष माकडं डबा पळवतात का याकडे होतं.

माझा पहिला जाहीर खेळ 5 फेब्रुवारी 2025 ला ठरला. चिनी नवं वर्ष 29 जानेवारीला लागलं, सापाचं. आठव्या दिवशी दुकानं उघडतात, तेव्हा सिंह हवाच. ठिकाण एक टाइल्सचं गोदाम, जिथे मी एरवी फाइल घेऊन दरडावत फिरते. दारावर उंच बांबूला लेट्यूसची जुडी आणि तिच्यात लाल पाकीट, लाइ-सी. हा हिरवा घास खायचा त्याला ‘छोई-छेंग’ म्हणतात, सगळा खेळ त्याच्यासाठी. दोन्ही बाजूंना अभिनंदनाच्या फुलांच्या उंच परड्या, तीन पायांच्या तिवईवर उभ्या केलेल्या.

झोप छान झाली. पहिली खोडी, दुसरी खोडी, थांबणं. मी थांबले आणि माझ्याच छातीतला ढोल बाहेरच्यापेक्षा मोठा वाजायला लागला. तिसरी खोडी. सिंह उठला, लोक ओरडले. तीन वेळा वाकून नमस्कार झाला. मग मी मागे मागे सरत त्याला दाराकडे न्यायला लागले. अंतर मी आदल्या दिवशी पावलांनी मोजलं होतं, अठरा. पण परड्या आदल्या दिवशी नव्हत्या. चौदाव्या पावलाला तिवईचा पाय माझ्या टाचेत अडकला आणि सबंध परडी माझ्या मोठ्या डोक्यावर आली. पाणी, स्पंज, जर्बेराची फुलं. तोंडाच्या फटीत एक फूल असं नेमकं घुसलं की गुडघेसुद्धा दिसेनात.

मी बसले ती हललेच नाही. ढोल क्षणभर थांबला. मग कडेवर टकटक सुरू झाली, अगदी बारीक. दबकत येतोय. सिंहाच्या डोक्यातला पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, एरवी माझ्याशी चार शब्द बोलत नाही. त्याने तो संशय असा केला की तसा पुन्हा पाहिला नाही, म्हणजे मी तेव्हाही पाहिला नाही. नंतर व्हिडिओत पाहिला. एक पाऊल पुढे, दोन मागे. परडी हुंगली. पापणी. मग माझं फूल तोंडाने अलगद ओढून काढलं आणि चावून थुंकलं. मला उजेड दिसला आणि त्या उजेडात लाल लोकरीचा जबडा, त्याच्या आत त्या पोराचे घामाने चमकणारे दात. तो आत हसत होता. मीही. बाहेर कुणाला दोघांचंही दिसलं नाही.

उरलेली चार पावलं त्याने मला नेलं. लेट्यूस खाल्ला, चावला, तीनदा फेकला. लोक पानं झेलायला धावले. गोदामाचा मालक मला ओळखत होता की नाही कोण जाणे. त्याने मुखवट्याच्या टकलावरून हात फिरवला आणि तोच हात आपल्या टकलावरून. सिफू शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. संध्याकाळी पाकिटं वाटली तेव्हा फुलांच्या परडीचे पैसे माझ्या वाट्यातून कापलेले होते.

आठवड्याने, पहिल्या पौर्णिमेला, फोशानमध्ये ‘तोंगची’ पूल ओलांडायची चाल आहे. सगळं शहर हातात भिरभिरं, घंटी आणि लेट्यूसची जुडी घेऊन पुलावरून जातं. वर्षाची काळजी मागे राहते म्हणतात. मास्तरांनी मला नेलं. गर्दीत आषाढीच्या चंद्रभागेइतकी रेटारेटी नव्हती, पण आपली पावलं आपल्या हातात नव्हती. पुढच्या बाईच्या खांद्यावरची मुलगी माझ्या तोंडाशी लेट्यूस नाचवत राहिली. मी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, संशय घेतला. ती हसून हसून बेजार. मास्तर म्हणाले, ‘सिंह बरा करतेस.’

हे ऐकून मी दुसऱ्याच दिवशी सिफूंकडे पुन्हा डोकं मागितलं. त्यांनी अंगणाच्या मधोमध बोट दाखवलं. मा-पो. आता मी रोज करते, ब्रश करताना, फोनवर बोलताना. परवा तीन मिनिटं दहा सेकंद झाली. सिफूंनी घड्याळ पाहिलं, आत गेले आणि येताना पंखा घेऊन आले. दांडी नव्याने वेताने गुंडाळलेली होती.